नमस्कार कुणी कुणाला करायचा?

९ ऑगस्ट १७७९ रोजी मुंबईतल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने एक हुकूम काढला. तो जकातीबद्दल नव्हता, जहाजांबद्दल नव्हता आणि लढाईबद्दलही नव्हता. सोनारांचे प्रमुख दामुलशेट त्रिंबकशेट यांना त्यात बजावलं होतं, की यापुढे सोनार जातीतल्या कुणीही अभिवादन करताना ‘नमस्कार’ म्हणायचं नाही. हुकूम जातीतल्या प्रत्येकाच्या कानावर घालायचा आणि तो काटेकोर पाळला जातो की नाही यावर लक्षही त्यांनीच ठेवायचं. सोनार तेव्हा ब्राह्मणांसारखं धोतर नेसू लागले होते आणि एकमेकांना नमस्कार म्हणू लागले होते. पुण्याच्या पेशवाईला ते खपलं नाही. तिने आपल्या मुलखात बंदी घातलीच, पण मुंबईतल्या इंग्रजांकडूनही ती घालून घेतली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिव्यवस्थेवर लिहिताना या हुकुमाचा दाखला दिला आहे.

गंमत नव्हे, पण नोंद घेण्यासारखी गोष्ट ही, की त्या वर्षी कंपनी आणि पेशवाई एकमेकांशी लढत होत्या. पनवेलच्या बंदरात उतरून बोरघाट चढून गेलेल्या कंपनीच्या फौजेला १७७९च्या जानेवारीत वडगावला मराठ्यांशी नामुष्कीचा तह करावा लागला होता. तोफा थंड होऊन वर्षही झालं नव्हतं. दोन वैरी सत्तांचं तेव्हा एका बाबतीत मात्र एकमत झालं: सोनाराने नमस्कार म्हणू नये.

आज पनवेलच्या सराफी पेढीत पाय ठेवला की गादीवरचा माणूस हात जोडतो आणि ‘नमस्कार, या’ म्हणतो. गिऱ्हाईकही सहज हात जोडतं. त्या दोन हातांमागे कधी काळी सरकारी बंदी उभी होती हे दोघांच्याही मनात येत नाही. येण्याचं कारणही नाही. पण अभिवादनाविषयी बोलायचं तर सुरुवात तिथूनच करायला हवी. देशोदेशी कोण वाकतं, कोण नाक लावतं, कोण गालाला गाल लावतं, याच्या याद्या पुष्कळ वाचायला मिळतात. त्या वाचायला मजा येते. खरा प्रश्न त्यांच्या आड राहून जातो. तो असा: कुणी कुणाला, कोणत्या शब्दांत अभिवादन करायचं हे ठरवतं कोण?

जुन्या मराठी समाजात हे ठरलेलं होतं. ब्राह्मणाने नमस्कार म्हणावं, इतरांनी रामराम किंवा दंडवत. दरबारात मुजरा. आणि गावकुसाबाहेरच्या महाराने अंतरावर उभं राहून म्हणायचं, ‘जोहार, मायबाप.’ समोरून माणूस आला, की तोंडातून निघालेल्या पहिल्या शब्दावरून त्याची जात कळे. नाव विचारायची गरज उरत नसे. संत एकनाथांनी या जोहाराला भारुडात आणलं. वेसकराच्या तोंडून जोहार घालत गावच्या पाटला-कुलकर्ण्यांना त्यांनी अध्यात्माचा हिशेब विचारला. पण भारूड संपलं, की गावात जोहार घालणारा वेशीपाशीच उभा असे.

पनवेलहून गोव्याच्या दिशेने निघालं, की त्याच रायगड जिल्ह्यात महाड लागतं. २० मार्च १९२७ला तिथल्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन आंबेडकरांनी आणि त्यांच्या हजारो अनुयायांनी एक हक्क बजावला. त्या चळवळीने माणसांच्या राहणीत पुष्कळ बदल घडवले. जोहार सुटला, हा त्यांतलाच एक. त्याच्या जागी काय यावं याचं उत्तर विदर्भातून आलं. नागपूरजवळच्या कामठीचे बाबू हरदास हे विडी कामगारांना संघटित करणारे तरुण कार्यकर्ते. मुसलमान बांधव भेटले की एकमेकांना सलाम करतात, मग आपल्या माणसांना आपलं असं अभिवादन का असू नये, या विचारातून त्यांनी ‘जय भीम’ रूढ केलं. सुरुवातीला ‘जय भीम’ला ‘बल भीम’ असं उत्तर द्यायची पद्धत होती. पुढे दोन्ही बाजूंनी ‘जय भीम’च राहिलं. हरदास १९३७मध्ये मध्य प्रांताच्या विधिमंडळात निवडून गेले आणि १९३९च्या जानेवारीत क्षयाने वारले. वय अवघं पस्तीस. त्यांचं नाव आज फार थोड्यांना माहीत आहे. त्यांनी दिलेले दोन शब्द मात्र रोज लाखो माणसांच्या तोंडी असतात.

दोन्ही बाजूंनी तेच शब्द, ही गोष्ट वाटते त्यापेक्षा मोठी आहे. जोहाराला वरून कधी जोहार येत नसे. फार तर मान हलत असे. ‘जय भीम’ला ‘जय भीम’ येतं. साहेबाने शिपायाला म्हटलं तरी तेच आणि शिपायाने साहेबाला म्हटलं तरी तेच.

इथे आणखी एक नोंद करायला हवी. महाराष्ट्रात ज्या जोहाराला लाचारीचा वास होता, तोच शब्द झारखंडमध्ये संथाळ, मुंडा, हो या आदिवासी समाजांत ताठ मानेने उच्चारला जातो. तिथे तो आदिवासी अस्मितेचा उद्गार आहे. म्हणजे दोष शब्दाचा नव्हताच. तो एकाच बाजूने, लांब उभं राहून आणि सक्तीने म्हणावा लागत होता, हा दोष होता.

मान आणि पायरी यांचं हे गणित राजांनाही चुकलं नव्हतं. १२ मे १६६६ रोजी आग्र्याच्या दरबारात शिवाजी महाराजांनी नजराणा पेश केला, रीत पाळली; पण त्यांना पंचहजारी सरदारांच्या रांगेत मागे उभं करण्यात आलं. महाराजांनी बादशहाकडे पाठ फिरवली. आठ वर्षांनी, ६ जून १६७४ला रायगडावर त्यांचा राज्याभिषेक झाला. तेव्हा कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन सिंहासनापुढे लांबूनच लवला आणि भेटीची हिऱ्याची अंगठी महाराजांना दिसावी म्हणून दुभाषी नारायण शेणवी याने ती हातात उंच धरली. ज्याला एका दरबारात रांगेत उभं केलं, त्याच्या दरबारात आता परमुलखाचा वकील लवत होता. पनवेलमध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीत आजही ‘मानाचा मुजरा’ घालतात. त्या मुजऱ्यात ही आठवण मुरलेली आहे.

पनवेल हे अभिवादनाचा अभ्यास करण्यासाठी उत्तम गाव आहे. १८५२पासून नगरपालिका असलेलं हे जुनं बंदर; घाटावरून येणारा आणि कोकणात जाणारा असे दोन्ही रस्ते इथेच मिळतात. शेजारी सिडकोने वसवलेलं नवीन पनवेल, मग कळंबोली, कामोठे, खारघर. २०१६मध्ये हे सगळं मिळून महानगरपालिका झाली आणि आता तालुक्यात विमानतळही आला आहे. एका सकाळी बाजारात फिरणाऱ्या माणसाच्या कानावर किती तऱ्हा पडतात! भाजीवाला ‘रामराम’ म्हणतो. कापडदुकानातला मारवाडी ‘जय जिनेंद्र’, गुजराती ‘जय श्रीकृष्ण’. कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रकमालक ‘सत श्री अकाल’ म्हणतात. खारघरला जानेवारी २०२५मध्ये खुल्या झालेल्या इस्कॉनच्या मंदिरात ‘हरे कृष्ण’ हेच नमस्काराचं काम करतं. रेवदंड्याच्या धर्माधिकारी परिवाराच्या बैठकीत जाणारे सदस्य रस्त्यात भेटले तर ‘जय सद्‌गुरू’ म्हणतात, आणि या भागात ते जवळजवळ प्रत्येक गल्लीत आहेत.

आगरी-कोळी गावांत तर अभिवादनाचा शब्दच अनेकदा गाळला जातो. थेट ‘जेवलास का?’ असं विचारतात, किंवा ‘कुठे चाललास?’ शहरी माणसाला हा चौकशीचा अतिरेक वाटतो. पण उत्तराची अपेक्षा नसते. चौकशी हाच मान. प्रमाण मराठीतलं ‘आपण’ या बोलीला परकं, ‘तुम्ही’सुद्धा जपून वापरायचं, वडीलधाऱ्याला ‘तू’ म्हटलं तर त्यात उणेपणा नसतो. मान द्यायचाच झाला, तर तो नावाच्या शेपटाला लागतो. पनवेल-उरणच्या पट्ट्यात ‘शेठ’ हा शब्द पैशांपुरता उरलेला नाही. रयत शिक्षण संस्थेत शिकलेले आणि पुढे खासदार झालेले रामशेठ ठाकूर यांचं नाव ‘शेठ’ वगळून कुणी घेतच नाही. ग्रामपंचायतीच्या सदस्यापासून रेतीच्या ठेकेदारापर्यंत ज्याची चार माणसांत पत आहे तो शेठ. आणि ज्याच्यावर जीव आहे तो ‘दादूस’. हा शब्द ऐकला, की समोरचा माणूस आपला, एवढं कळतं.

जुन्या पनवेलमध्ये बेने इस्रायली ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, बेथ एल सिनेगॉग, १८४९मधलं. कोकणच्या गावांत तेल गाळणारा, शनिवारी घाणा बंद ठेवणारा म्हणून ‘शनवार तेली’ म्हटला गेलेला हा समाज. मराठी बोलणारा, पनवेलकर, पेणकर, किहीमकर अशी गावांची आडनावं लावणारा. घरात शिरताना ते दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे धर्मवचनांच्या डबीला, बोटं लावून ती ओठांना लावतात. आणि सणाच्या प्रार्थनेत त्यांची एक फार सुंदर रीत आहे, ‘हाथबोशी’. वडीलधारा माणूस दोन्ही हात पुढे करतो, शेजारचा आपल्या दोन्ही तळव्यांत ते हलकेच घेतो आणि मग दोघेही आपापली बोटं ओठांना लावतात. तिथून ती रीत पुढच्याकडे, मग त्याच्या पुढच्याकडे, अशी सगळ्या सभागृहात फिरते. कुणी पायाशी वाकत नाही, कुणी कुणाच्या वर उभं राहत नाही. यांतली बरीच कुटुंबं इस्रायलला गेली. तिथे ‘शालोम’ आहेच; पण ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही त्यांनी तिथे चालवलं.

सिनेगॉगपासून जवळच मुसलमान मोहल्ले आहेत. कोकणी मुसलमानांचा ‘अस्सलामु अलैकुम’ सगळ्यांना ठाऊक असतो, त्यामागचा शिष्टाचार मात्र बाहेर फारसा कुणाला माहीत नसतो. सलाम आला तर त्याहून चांगल्या शब्दांत किंवा निदान तितक्याच शब्दांत तो परत करावा, असं कुराणात सांगितलं आहे. सलाम आधी कुणी करायचा याचाही नियम हदीसमध्ये आहे: वाहनावर बसलेल्याने पायी चालणाऱ्याला, चालणाऱ्याने बसलेल्याला, थोड्यांनी पुष्कळांना. धाकट्याने थोरल्याला करावा, हे त्यात आहेच. पण घोड्यावरच्याने खालच्याला आधी सलाम करायचा, हा नियम थांबून विचार करण्यासारखा आहे. जगातल्या बहुतेक दरबारांनी नेमकं याच्या उलट शिकवलं होतं. पनवेलच्या उड्डाणपुलाखाली गाडीची काच खाली करून हातगाडीवाल्याला आधी सलाम करणारा माणूस दिसला, तर तो चौदाशे वर्षांपूर्वीचा नियम पाळत असतो.

याच मोहल्ल्यात आणि शेजारच्या हिंदू आळीतही एक खूण सारखी आहे. नातू परीक्षेत पास होऊन आला, की आजी त्याच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवते आणि आपल्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडते. मुसलमान घरात ‘बलाएँ लेना’, मराठी घरात ‘अलाबला घेणं’. आशीर्वाद देण्याची ही पद्धत धर्माच्या कुंपणापाशी थांबलेली नाही.

महाराष्ट्राने अभिवादनाच्या बाबतीत जगाला दाखवावी अशी एखादी गोष्ट असेल, तर ती वारकऱ्यांची. आषाढी जवळ आली, की पनवेल आणि आसपासच्या गावांतून दिंड्या निघतात. दोन वारकरी भेटले की ‘राम कृष्ण हरी’ म्हणतात आणि दोघेही एकमेकांच्या पाया पडतात. दोघेही! वीस वर्षांचा टाळकरी सत्तर वर्षांच्या विणेकऱ्याच्या पायाला हात लावतो, आणि विणेकरी त्याच क्षणी वाकून त्या पोराच्या पायाला हात लावतो. मग उराउरी भेट. हाक एकच, ‘माउली’. पुरुष माउली, बाई माउली, वाटेवर चहा देणारा माउली, गर्दीला दोर धरून थोपवणारा पोलीसही माउली. समोरच्यात विठ्ठल आहे असं मानलं, की वय, जात, पदवी यांचा हिशेब मांडायला जागा राहत नाही.

आता हे मान्य करायला हवं, की वारीत एकमेकांच्या पाया पडणारी माणसं गावी परतल्यावर जुन्याच उतरंडीत जगली. ज्या चोखोबांचे अभंग वारीत गायले जात, त्यांना देवळाच्या आत प्रवेश नव्हता आणि त्यांची समाधी आजही महाद्वारासमोर, बाहेर आहे. पंढरपूरचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७च्या मे महिन्यात उपोषण करावं लागलं. तरीही वारीतली ती परस्परांपुढे वाकण्याची कृती खोटी ठरत नाही. शेकडो वर्षं दरसाल काही दिवस का होईना, लाखो माणसांच्या शरीरांना परस्परांपुढे वाकायची सवय लागली. हा संस्कार पुस्तकातून झाला नसता.

पायाला हात लावणं ही भारताची खासियत, असं इथे समजलं जातं. तसं नाही. नायजेरियातल्या योरुबा समाजात मुलगा वडीलधाऱ्यांपुढे पालथा पडून जमिनीला टेकतो आणि मुलगी दोन्ही गुडघ्यांवर बसते. आपल्या साष्टांग नमस्काराचं भावंडच ते. फिलिपिन्समध्ये धाकटा माणूस वडीलधाऱ्याचा हात उचलून स्वतःच्या कपाळाला लावतो. कोरियात नववर्षाच्या दिवशी मुलं आजी-आजोबांना जमिनीला टेकून नमस्कार करतात आणि आजी-आजोबा त्यांना पैसे देतात. दसऱ्याला आपट्याची पानं देऊन पाया पडलेल्या आणि हातात नोट मिळालेल्या मराठी पोरांना हे समजावून सांगावं लागणार नाही. थायलंडमध्ये जोडलेले हात किती उंच न्यायचे हे समोरच्याच्या मानावर अवलंबून असतं. जपानमध्ये कंबरेतून किती वाकायचं याचं माप नव्या नोकरदारांना शिकवतात: ओळखीपुरतं पंधरा अंश, गिऱ्हाइकापुढे तीस, माफी मागताना पंचेचाळीस. न्यूझीलंडचे माओरी कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक टेकवतात. दोघांनी एक श्वास वाटून घ्यायचा, ही त्यामागची समजूत. हाथबोशी आणि उराउरी भेट यांच्या रांगेत बसवायचं तर या सगळ्यांत माओरींनाच बसवावं लागेल.

मग २०२० आलं आणि स्पर्शच बाद झाला. १२ मार्चला अमेरिकेच्या व्हाइट हाउसमध्ये आयर्लंडचे पंतप्रधान लिओ वराडकर यांनी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्याशी हस्तांदोलन न करता हात जोडले. ट्रम्प यांनीही जोडले. वराडकरांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे, डॉक्टर होऊन विलायतेला गेलेले. त्या आठवड्यात ब्रिटनच्या राजपुत्राचे जोडलेले हातही जगाने पाहिले. भारतात याचा फार अभिमान मिरवला गेला आणि तो समजण्यासारखाही होता. पण अंतर राखून हात जोडण्याच्या रीतीकडे पाहताना आपल्या इतिहासातलं दुसरं अंतरही विसरता येत नाही. लांबून नमस्कार करणं हे आरोग्याचं शहाणपण असतं, तसं ते विटाळाचंही शस्त्र होतं.

पनवेलजवळ नेरे इथे शांतिवन आहे, कुष्ठरुग्णांच्या उपचारासाठी आणि पुनर्वसनासाठी उभं राहिलेलं. कुष्ठरोग बहुविध औषधोपचारांनी पूर्ण बरा होतो आणि उपचार सुरू झाल्यावर रुग्णापासून तो पसरत नाही, हे वैद्यकाला केव्हाच ठाऊक झालं आहे. समाजाचा हात तरी आखडलेलाच राहिला. १९८९मध्ये इंडोनेशियातल्या एका कुष्ठरुग्णालयात ब्रिटनच्या युवराज्ञी डायना यांनी हातमोजे न घालता रुग्णांचे हात हातात घेतले, तेव्हा ती जगभरच्या वर्तमानपत्रांची बातमी झाली. साध्या हस्तांदोलनाची बातमी व्हावी, यातच त्या रुग्णांना इतकी वर्षं काय मिळालं नव्हतं ते कळतं.

अभिवादनावर सत्तेचं लक्ष १७७९मध्येच होतं असं नाही. मे २०१७मध्ये कर्नाटकचे मंत्री रोशन बेग यांनी बेळगावात सांगितलं, की ‘जय महाराष्ट्र’ म्हणणाऱ्या लोकप्रतिनिधीचं सदस्यत्व रद्द करणारा कायदा आणू. सीमाभागातल्या मराठी माणसांचा संताप उसळला. महाराष्ट्राचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी उत्तर म्हणून एसटीच्या गाड्यांवर ‘जय महाराष्ट्र’ झळकवलं. पनवेलच्या आगारातून सुटणाऱ्या गाडीवर ती अक्षरं सजावट वाटतात; बेळगावच्या रस्त्यावर तीच अक्षरं भाषेचा हक्क सांगतात. ऑक्टोबर २०२२मध्ये महाराष्ट्र सरकारने शासन निर्णय काढून कर्मचाऱ्यांना आवाहन केलं, की दूरध्वनीवर ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणावं. सक्ती नव्हती. कचेऱ्यांत फोन उचलल्यावर आजही बहुतेक ठिकाणी ‘हॅलो’च ऐकू येतं. ‘वंदे मातरम्’साठी माणसांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगले, तेव्हा कुणी परिपत्रक काढलं नव्हतं. वरून सांगितलेलं अभिवादन, मग ते कितीही थोर असो, जिभेवर रुळायला कठीण जातं.

पनवेलच्या शेजारच्या पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी भूदानाच्या पदयात्रेत ‘जय जगत्’ म्हणायला सुरुवात केली. ‘जय हिंद’नंतर आता सगळ्या जगाचा जय म्हणू या, असा त्यांचा आग्रह. सर्वोदयाच्या कार्यकर्त्यांत ते टिकलं. बाहेर फारसं गेलं नाही, याची हळहळ वाटते. कुणाच्याही विरोधात न जाणारं असं अभिवादन दुसरं सापडणं कठीण.

या सगळ्या चर्चेत एक मोठा समूह बाजूला राहिला आहे. सोनारांना नमस्काराची बंदी झाली, महारांना जोहाराची सक्ती झाली, याची निदान नोंद आहे. घरातल्या बाईने कुणाकुणापुढे किती वेळा वाकायचं याचा हुकूम कुणी लिहून काढला नाही, कारण तशी गरजच पडली नाही. नव्या सुनेने खांद्यावरून पदर घेऊन घरातल्या प्रत्येक मोठ्याला वाकून नमस्कार करायचा, पाहुणा आला की पुन्हा करायचा, सणाला पुन्हा. लग्नात तर वयाचाही नियम मोडतो. एरवी धाकट्याने थोरल्याच्या पाया पडायचं. कन्यादानाच्या वेळी मात्र साठीचा सासरा पंचविशीतल्या जावयाचे पाय धुतो. अधिक महिन्यात त्याच जावयाला अनारशांचं वाण. खारघरच्या सोसायट्यांत राहणाऱ्या उत्तर प्रदेशी कुटुंबांत मामा भाच्याच्या पाया पडतो आणि नवरात्रात बाप लहानग्या मुलींचे पाय धुतो. ते पाहून मराठी शेजाऱ्यांना नवल वाटतं. आपल्याकडचं जावयाचं पायधुणं मात्र सवयीने खटकेनासं झालेलं असतं.

मंडपात दोन्ही बाजूंची भेट होते ती व्याहीभेट. दोघे बाप एकमेकांना मिठी मारतात, शेला-नारळ देतात, फोटो निघतात. मुलीला नऊ महिने पोटात वाढवणाऱ्या आईची भेट कार्यक्रमात लिहिलेली नसते. तिच्या वाट्याला विहिणीची पंगत आणि तिथला मानपान. अलीकडे काही लग्नांत दोन्ही आयांनाही पुढे बोलावतात आणि चौघांची गळाभेट होते. हा बदल कुठल्या ठरावाने झालेला नाही. मुलींनीच तो हट्टाने करवून घेतला आहे.

आगरी-कोळ्यांच्या लग्नाची परंपरा इथे वेगळी उठून दिसते. तिथे विधी चालवते ती धवलारीण. भटजीच्या मंत्रांऐवजी तिचे धवले म्हटले जातात, हळदीपासून पुढचे विधी तिच्या गाण्यांवर चालतात. एक बाई गाणं म्हणते आणि सगळा मांडव तिच्या शब्दाने उठतो-बसतो. वर-वधू तिच्या पाया पडतात, तिला लुगडं आणि नारळ देऊन मान करतात. पनवेल-उरणच्या गावांत धवलारणी आता कमी होत चालल्या आहेत. विमानतळ आणि महामार्ग यांच्या घाईत हा मान हरवू नये, असं मनापासून वाटतं.

उरला तो बायकांनी बायकांना द्यायचा मान, हळदीकुंकू. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत पनवेलच्या सोसायट्यांत, वाड्यांत, नगरसेवकांच्या कार्यालयांसमोर ते चालतं. हळद-कुंकू लावायचं, तिळगूळ द्यायचा, गुलाबपाणी शिंपडायचं, वाण लुटायचं. एकमेकींचा एवढा देखणा सत्कार दुसऱ्या कोणत्या समाजात असेल असं वाटत नाही. पण नवरा गेलेल्या बाईला त्या दारातून आजवर बोलावणं नसे. कालपर्यंत ज्या शेजारणीला हात धरून पाटावर बसवलं, तिच्या कपाळाला आज बोट लावायचं नाही. मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं हे यापुढे गावात होणार नाही, असं ठरलं. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. तेव्हापासून अनेक गावांनी तसे ठराव केले आहेत आणि कुठे कुठे विधवा महिलांना मुद्दाम आमंत्रण देऊन हळदीकुंकू झालं आहे. काही जणी अजून संकोचाने दारातच थांबतात, काही सासवांना ते पटत नाही. शहरातल्या मंडळांच्या फलकांवर मात्र ‘सर्व सुवासिनींना आग्रहाचं निमंत्रण’ या ओळीच्या जागी आता काही ठिकाणी ‘सर्व महिलांना’ असं छापलेलं दिसतं, आणि वाणाची संख्या त्या हिशेबाने वाढवावी लागते.